मागून कात्री

आमच्या टोळीत एक नियम होता आणि तो आईनेच घातलेला होता. दुसरीच्या ओळीत मागून कात्री लावायची नाही. कुणाचं काही राहिलेलं दिसलं तर तिथेच उभं राहून हाक मारायची. जिची ओळ असेल तिने परत यायचं आणि आपल्या हाताने नीट करायचं. गुपचूप दुरुस्त करून पुढे गेलं तर तो त्या बाईचा अपमान. आई म्हणायची, मला चारचौघांत ओरडा, पण माझ्यामागे झाडू मारत येऊ नका.

टोळी बायकांची आणि काम द्राक्षबागेतल्या छाटणीचं. थंडीत सगळी पानं गळून गेली की बागेत नुसत्या काड्या उरतात. खोडापासून तारेवर दोन्हीकडे दोन ओलांडे पसरलेले असतात, उभ्या माणसाने हात पसरावेत तसे. प्रत्येक ओलांड्यावर मागच्या साली वाढलेल्या काड्यांचं रान असतं. ते कापून काढायचं, प्रत्येक काडीवर दोन डोळे, म्हणजे नवे फुटवे येतात त्या गाठी, ठेवायचे आणि पुढच्या वेलीकडे सरकायचं. बोलायला सोपं आहे. पण कोणती काडी ठेवायची आणि कोणती काढायची हे ठरवेपर्यंत नवीन बाई वेलीपुढे देवळात उभी राहिल्यासारखी उभी राहते. आई ओळीत शिरली की तिची कात्री नुसती कट्‌ कट्‌ चालायची आणि तोंड त्याहून जोरात. टोळीची मुकादमीण तीच. तिच्या तोंडातून कुणी सुटायचं नाही. बाबा दाढी करून बाहेर आले की ती विचारायची, गालावर पेरणी करून आलात का, मधल्या ओळी राहिल्यात.

मला घरात भोंगा म्हणतात. आवाज आईवर गेलाय. यंदा शाळेत रोज सकाळी सगळ्या वर्गांपुढे बातम्या वाचायचं काम मला मिळालंय आणि मी वाचायला लागले की माईक बंद केला तरी चालतो, असं आमच्या बाई म्हणतात. मी ते कौतुक म्हणून घेते.

गेल्या काढणीला, उन्हं चढायच्या आत, द्राक्षांचा क्रेट उचलता उचलता आई खाली बसली. बायकांना वाटलं पाय घसरला. काकूने, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाच्या बायकोने, तिला उठवायला हात दिला तर आईचा डावा हात तिच्या हातात ओल्या फडक्यासारखा आला. ट्रॅक्टरवरून दवाखान्यात नेलं. मेंदूला झटका आला होता.

पावसाळा संपेपर्यंत हात परत आला, पायही आला. आईने कष्टाने आणला म्हणायला हवं. बाबांचं फवारणीचे पंप दुरुस्त करायचं दुकान आहे. तिथला एक जुना रबरी वॉशर त्यांनी तिला पिळायला दिला होता आणि ती तो दिवसभर मुठीत दाबत बसायची. मग माणसं भेटायला यायला लागली. प्रत्येक जण तिच्या पुढ्यात आपलं बोट धरायचा, दाब म्हणायचा, आणि तिने दाबलं की खूश होऊन म्हणायचा, सुटलीस बघ. हात पाहायला सगळे आले. बाकी जे झालं होतं ते बोट पुढे करून कळण्यासारखं नव्हतं.

आम्हालाही ते ताटातून कळलं. आई उजवीकडचा भात संपवायची आणि डावीकडची भाजी तशीच ठेवून उठायची. तेव्हा स्वयंपाक बाबा करत होते, म्हणून आम्ही दोघांनी तिची बाजू समजून घेतली. काही दिवसांनी माझ्या लक्षात आलं की ज्या दिवशी भाजी उजवीकडे वाढलेली असते त्या दिवशी भात उरतो. मी तिचं ताट अर्धं फिरवून ठेवलं. ती म्हणाली, पोट भरलंय, परत कशाला वाढलंस. मी म्हटलं, वाढलं नाही, फिरवलं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की जणू मी शाळेत चोरी करून आले होते.

मग सगळंच दिसायला लागलं. केस उजवीकडचे चापूनचोपून, डावीकडचे झोपेतले. डावा खांदा प्रत्येक दारावर आपटून निळा झालेला. दोन माणसं एकाच वेळी बोलायला लागली की ती डोकं धरून बसायची. चहा करायला घेतला की पाणी उकळत ठेवून उभी राहायची, पुढे काय ते तिला सुचायचं नाही, आणि आपण सांगितलं तर भांडं आदळून बाहेर जायची. कधी कपडे वाळत घालता घालता रडायची. कशाने ते तिलाही सांगता यायचं नाही. तिच्या तोंडचे टोमणे बंद झाले, हे मला सगळ्यात वाईट वाटायचं. बाबा अर्धवट दाढी करून तिच्यापुढून दोनदा फिरले, तरी ती काही बोलली नाही.

दवाखान्यातल्या नर्सबाईंनी तिला एक कागद दिला. त्यावर सगळीकडे बारक्या रेघा होत्या आणि प्रत्येक रेघेवर फुली मारायची होती. आईने भराभर फुल्या मारल्या आणि पेन्सिल खाली ठेवली. कागदाच्या डाव्या अर्ध्यावर एकही फुली नव्हती. झालं का सगळं, नर्सबाईंनी विचारलं. आई म्हणाली, झालं की, हे काय पोरखेळ लावलेत. नर्सबाईंनी बाबांना बाहेर बोलावून सांगितलं की हिचे डोळे चांगले आहेत. डोळे डावीकडे जातात, पण लक्ष जात नाही. त्यामुळे डावीकडचं राहिलं हे तिला कळणारच नाही. आणि मन बसलंय तेही याच आजारात धरा, रुसवा समजू नका. बाबा मान हलवत राहिले. घरी येताना त्यांनी मला विचारलं, भोंग्या, तुला कळलं का काही. मी म्हटलं, आई आता अर्ध्या जगात राहते आणि तिला ते पूर्ण वाटतं. ते म्हणाले, हे तिच्यापुढे बोलू नकोस.

पानगळ झाली आणि छाटणीचे दिवस आले. आईने कात्री काढली, दगडावर धार लावली, स्प्रिंगला तेल सोडलं. एवढं काम तिने न अडखळता केलं, आणि आम्ही दोघं दाराआडून ते पाहत होतो.

त्याच संध्याकाळी बागेचे मालक घरी आले. भला माणूस, पण खुर्चीच्या अगदी काठावर बसले, तेव्हाच मला कळलं. त्यांनी आईची तब्येत विचारली, थंडीची चौकशी केली, पंपाचे भाव विचारले, आणि मग म्हणाले की यंदा टोळी धाकट्या जाऊबाईंनी सांभाळावी, तुम्ही मागून काटक्या गोळा करा, हलकं काम आहे. काटक्या गोळा करायचं काम टोळीत नव्या पोरींना देतात.

आईने तेल सोडलेली कात्री मिटवून मांडीवर ठेवली. मग म्हणाली, "ओढ्याकडचा तुकडा मला द्या. एकटीला. झाला की बघा. नाही पटला तर काटक्या वेचीन, पुन्हा कात्रीचं नाव काढणार नाही."

मालकांनी बाबांकडे पाहिलं. बाबांनी जमिनीकडे पाहिलं. ठरलं.

ओढ्याकडचा तुकडा आमच्या परसाला लागूनच आहे, मधे फक्त एक बांध. पहिल्या दिवशी मी शाळेतून तडक दप्तरासकट तिकडे गेले. आई ओळीत बरीच पुढे पोचली होती आणि पाठमोरी कात्री चालवत होती. तिचा तो आवाज ऐकून मला नाचावंसं वाटलं. मग मी वेलीकडे पाहिलं.

उजवा ओलांडा असा कापला होता की चित्र काढून शाळेत लावावं. एकेक काडी मोजून, दोन दोन डोळे, काप तिरका. आणि डावा ओलांडा होता तसा, काड्यांचं सगळं रान अंगावर घेऊन. पुढची वेल तशीच, त्याच्या पुढचीही. न्हाव्याच्या खुर्चीतून अर्ध्यातच उठून पळालेल्या माणसांची रांग लागावी, तशी अख्खी ओळ. आईने मागे वळून मला पाहिलं आणि विचारलं, कशी झालीय. तिचा चेहरा उन्हाने आणि कामाने लाल झाला होता, कितीतरी दिवसांनी.

शेजारच्या तुकड्यातल्या ओळीतून काकूने मला डोळ्यांनी दटावलं. मी म्हटलं, छान.

दुपार कलली की आई एकदम थकायची. दिव्यातलं तेल संपावं तशी. बाबा मोटरसायकल घेऊन यायचे आणि तिला फिरवून दुकानात नेऊन बसवायचे, किंवा घरी निजवायचे. ती गेली की काकू आणि मी तिच्या ओळीत शिरायचो आणि डावे ओलांडे कापायचो. हे बाबांनी आणि काकूने मिळून ठरवलं होतं. काकू म्हणाली, "इतक्या दिवसांनी बाई हसतेय, हसू दे. तुकडा होऊ दे, मालकांचं समाधान होऊ दे, मग बघू." तिची स्वतःची ओळ रोज मागे पडायची, तरी तिने हूं की चूं केलं नाही. पण कापताना ती मान वर करायची नाही. नियम तिनेही आईच्या तोंडून ऐकला होता.

आणि खरं सांगायचं तर घर सुधारलं. आई रात्री जेवायला लागली, अर्धं का होईना. शेजारणीला बोलावून सांगायला लागली की ओढ्याकडचा तुकडा निम्मा झाला. एका सकाळी बाबांच्या हनुवटीवर राहिलेल्या खुंटांकडे बघून म्हणाली, तेवढं काय बियाण्याला ठेवलंय का. बाबा इतके खूश झाले की दिवसभर तसेच फिरले.

टोळीत मात्र वेगळंच चाललं होतं. बायकांना सगळं दिसत होतं. आई समोरून आली की बोलणं थांबायचं. टोळीत एक बाई आहे, तिला शिट्टी म्हणतात, कारण ती काम करताना सतत शीळ घालते. हिला आईने मागे किती वेळा ओळीत परत बोलावलं असेल त्याला गणती नाही. तीसुद्धा आता म्हणायची, वा वैनी, काय हात आहे तुमचा. एके दिवशी पाणी पिताना आईने मला हळूच विचारलं, "या बायका माझ्याशी इतकं गोड का बोलतात गं? कुणी मेलंय का?"

मी म्हटलं, तू बरी झालीस म्हणून. तिने पेला खाली ठेवला आणि कितीतरी वेळ माझ्याकडे पाहिलं.

त्या दिवशी बाबांनी तिला घरी आणून निजवलं. ती झोपली नाही. धारेचा दगड ओळीत विसरला असं तिला आठवलं आणि तो आणायला ती परसातून बांध ओलांडून आली. मी तिच्याच ओळीत होते, तिच्याच एका वेलीपुढे, आणि माझी कात्री डाव्या ओलांड्यावर होती. काकू माझ्यामागे. कापलेल्या काड्यांचा ढीग आमच्या पायांशी.

आई ओळीच्या तोंडाशी उभी होती. ती ओरडेल असं मला वाटलं. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"किती ओळी?" तिने विचारलं.

काकू काहीतरी बोलायला लागली की जाऊबाई, तुम्ही दमता म्हणून जरा हातभार. आईने तिच्याकडे पाहिलंच नाही.

"सगळ्या," मी म्हटलं.

तिने मान डोलावली. कमरेला खोचलेली कात्री काढली, तिची कडी नीट बसवली आणि तारेला अडकवून ठेवली. मग बांध चढून घरी गेली. परसाच्या दारावर तिचा डावा खांदा आपटला तो आवाज आम्हाला बागेत ऐकू आला.

ती अंथरुणाला खिळली असं म्हणता येणार नाही, कारण तिला काहीच झालं नव्हतं. ती नुसती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. अंघोळ नको, केस नकोत. खायला दिलं की दोन घास घ्यायची. बाबा दुकान बंद करून पंपाचे भाग घरी घेऊन आले आणि तिच्या पलंगाशी बसून ते घासायला लागले. सगळ्या खोलीला फवारणीच्या औषधाचा आणि ग्रीसचा वास. नर्सबाईंनी सांगितलं होतं की डावीकडे काहीतरी लाल लावून ठेवा, म्हणजे लक्ष तिकडे ओढलं जाईल. म्हणून बाबांनी दाराच्या डाव्या चौकटीला माझी जुनी लाल रिबीन बांधली. आईने जाता येता ती चाचपून शोधली आणि सोडून टाकली. म्हणाली, मी काय बैल आहे. पण तेही चिडून नाही, कुठल्या तरी लांबच्या बाईबद्दल बोलावं तसं.

एकदा मी तिच्याजवळ बसले होते तेव्हा ती आपणहून बोलली. भिंतीकडे तोंड करूनच.

"मला वाटत होतं मी कापतेय. अजून डोळे मिटले की सगळी वेल कापलेली दिसते." थोड्या वेळाने म्हणाली, "मग आता मला जे दिसतं त्यातलं खरं काय, हे मी कुणाला विचारू? तुम्ही तर छान म्हणता."

मी तिच्या अंगावरचं पांघरूण नीट केलं आणि बाहेर आले. 

तिकडे डोळे फुगायला लागले होते. काड्यांवरचे डोळे एकदा फुगले की नुसत्या बाहीच्या धक्क्याने गळून पडतात आणि कापलेल्या टोकातून पाणी टपकायला लागतं. ओढ्याकडच्या तुकड्यातल्या शेवटच्या ओळी राहिल्या होत्या आणि मालक आठवडा संपला की बघायला येणार होते. त्यातली एक ओळ आई ज्या दिवशी निघून गेली त्या दिवशीची, काकूने आणि मी उरकलेल्या दोन-चार वेली सोडल्या तर उजवीकडे कापलेली, डावीकडे तशीच. काकू म्हणाली, आज मी ती उरकून टाकते, बाकीच्याही संपवते. मी म्हटलं, नको. काकू म्हणाली, नको काय, मालक येतील. मी म्हटलं, ती आईची ओळ आहे, तू हात लावायचा नाहीस. हे मी कुठून बोलले ते मलाही कळलं नाही. काकू माझ्याकडे बघतच राहिली, आणि तिने कात्री खाली केली.

मी त्या ओळीत गेले, अर्ध्या राहिलेल्या वेलीपुढे उभी राहिले आणि जागेवरून हाक मारली.

"आई. तुझी ओळ राहिलीय. परत ये."

शेजारच्या ओळींतल्या कात्र्या थांबल्या. मी पुन्हा हाक मारली. शिट्टीची शीळ बंद झाली. काकूने माझा हात ओढला की अगं, बाई आजारी आहे, शोभतं का हे. मी तिसऱ्यांदा ओरडले, रोज सकाळी शाळेत ओरडते त्याहून मोठ्याने, आणि परसाचं दार उघडलं.

आई बांधावरून उतरून आली. अंगात बाबांचा स्वेटर, पायात वेगवेगळ्या चपला, अर्धे केस विस्कटलेले. रागाने थरथरत होती. ती माझ्यापुढे येऊन उभी राहिली. सगळी टोळी बघत होती.

"कुठे राहिलीय?"

मी म्हटलं, ही काय. तिने वेलीकडे पाहिलं. तिची नजर खोडावर गेली, उजव्या ओलांड्यावरून टोकापर्यंत गेली, एकेका कापावर थांबली आणि परत आली. मी डावीकडे बोट दाखवलं. तिचे डोळे माझ्या बोटाबरोबर निघाले आणि खोडापाशी येऊन घसरले, जणू तिथे कुणी भिंत बांधली होती.

"झालीय की," ती म्हणाली. पण आवाजात आता राग नव्हता, भीती होती. कारण मी खोटं बोलत नाही हे तिला दिसत होतं, आणि वेल पूर्ण आहे हेही तिला दिसत होतं.

 मला वाटलं होतं हाक मारली की पुरे. पुढचा विचार मी केलाच नव्हता. सगळ्या बायकांसमोर मी माझ्या आईला उभं केलं होतं आणि तिला काहीच दिसत नव्हतं. एखादीने नुसतं च्‌ च्‌ केलं असतं तरी आई त्या क्षणी परत गेली असती, ती कायमची.

मग मला ताट आठवलं. वेल काही फिरवता येत नाही. मी तार वर उचलून धरली, खालून वाकून पलीकडे गेले, आणि म्हटलं, "इकडून ये."

तारेखालून जाणं आईला सोपं नव्हतं. तिचा स्वेटर काडीत अडकला. काकू सोडवायला धावली तर तिने हात झटकला, आपण सोडवला आणि वाकून माझ्या बाजूला आली. सरळ उभी राहिली. वेलीकडे पाहिलं.

अलीकडे जो डावा होता तो इथून उजवा होता. काड्यांचं सगळं रान तिच्या डोळ्यांपुढे उभं होतं.

 मग हात पुढे करून तिने एक काडी धरली, नुसती धरली, खरी आहे का बघायला.

"ही मी सोडली?"

"हो."

ती पुढच्या वेलीपाशी गेली. तिथेही हात लावून पाहिलं. मग त्याच्या पुढच्या. ओळभर ती तशीच गेली, प्रत्येक वेलीला हात लावत, आणि आम्ही सगळ्या तारेच्या पलीकडून तिच्याबरोबर सरकत होतो.  टोकाला पोचल्यावर ती खांबाला टेकून उभी राहिली. रडली थोडी. स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं.

"कात्री कुठाय माझी," तिने विचारलं.

कात्री तारेलाच होती, दवाने गंजलेली. दगड ओळीत पडलेला होता तोही काकूने शोधून आणला. आईने खांबाशी बसून धार लावली. मग उठून त्या बाजूने, टोकापासून परत, एक एक वेल कापत आली. जाताना एक बाजू, येताना दुसरी. तिला दुप्पट वेळ लागला. मधेच कोणती काडी ठेवायची ते तिला सुचेना, तेव्हा ती थांबली, आणि आम्ही कुणी काही सांगितलं नाही. शिट्टी तेवढी म्हणाली, वैनी, अशाने पुढची छाटणी येईल. आई म्हणाली, तुझी ओळ तोवरही व्हायची नाही. शिट्टी पोट धरून हसली. गोड बोलणं त्या दिवशी संपलं.

मालक आले तेव्हा शेवटच्या ओळी संपलेल्या नव्हत्या. आईने त्यांना स्वतःच सांगितलं की मागच्या ओळी मी एकटीने केलेल्या नाहीत, या दोन केल्यात. एका बाजूने माझी वेल अर्धीच होते, दोन्हीकडून फिरले की पूर्ण होते, वेळ लागतो. मालक त्या दोन ओळी दोन्हीकडून फिरून आले. काप बघितले, डोळे बघितले. मग बराच वेळ टोपी हातात फिरवत उभे राहिले. टोळी धाकट्या जाऊबाईंकडेच राहू दे म्हणाले, तिथे चारीकडे लक्ष लागतं. कात्री तुमच्याकडे ठेवा.

कात्री राहिली. मुकादमकी गेली. त्या संध्याकाळी आई जेवली नाही आणि पुन्हा भिंतीकडे वळून झोपली. बाबांनी ग्रीसचा हात न धुताच तिच्या पाठीवर ठेवला. सकाळी स्वेटरवर पाच काळी बोटं उमटली होती, आणि ती पाहून ती काय बोलली ते मी इथे लिहीत नाही, पण बाबा आनंदात होते.

सगळं नीट झालंय असं नाही. अजून दोघांनी एकदम बोललेलं तिला चालत नाही, म्हणून आमच्या घरात आता पाळीपाळीने बोलतात. मला ते जड जातं. अजून कधी कधी दिवसचे दिवस ती गप्प असते आणि आम्ही तिला गप्प राहू देतो. रिबीन परत बांधलीय, यावेळी तिनेच. ताट बहुतेक वेळा मीच फिरवते. कधी ती स्वतः फिरवते आणि भाजी पाहून म्हणते, अरे देवा, ही अजून आहेच का.

छाटणीच्या अगदी शेवटच्या दिवशी काकूने मला आईच्या शेजारची ओळ दिली. मी घाईत होते, मला सगळ्यांच्या आधी टोकाला पोचायचं होतं, आणि मी पोचलेही. आई तेव्हा कुठे तिच्या ओळीच्या दुसऱ्या बाजूने परत येत होती. तिची पलीकडची बाजू म्हणजे आमच्या दोन ओळींमधली वाट, जिथून माझ्या वेलींची मागची बाजू दिसते. मधेच तिची कात्री थांबली.

"भोंग्या."

मी टोकावरून वळून पाहिलं.

"परत ये. राहिलीय."

अख्ख्या टोळीने ऐकलं. शिट्टीने लांब शीळ घातली. मी सगळी ओळ मागे चालत गेले. खोडाच्या मागे दडलेली एक काडी माझ्याकडून सुटली होती, बारीक, कुणाच्या डोळ्यांत न येणारी. आई तिच्यापाशी उभी होती. तिच्या हातात उघडी कात्री होती आणि काडी वीतभर अंतरावर होती. तिने ती कापली नव्हती. मी येईपर्यंत ती तशीच उभी होती, आणि मी आले तेव्हा जरा बाजूला सरकली.